तूट

खानापुरात रात्री अकरानंतर लाईट नीट असते,
म्हणून ध्रुव मी तेव्हाच चालवते,
मागच्या खोलीत, तांदळाच्या कणगीशेजारी,
शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून.
मोठा संगणक तिकडे बेंगळूरला घुरघुरतो,
इथे नुसते आकडे उतरतात.
आई दारातून विचारते, "अजून बर्फच बघालैस?"

बर्फ नाही गं. मीठ.

पृथ्वीचे चौकोन पाडलेत आम्ही,
एकेक शंभर किलोमीटरचा.
एकात आपलं खानापूर, बेळगाव,
चोर्ल्याचा घाट, खाली गोव्याचा समुद्र,
सगळ्यांना मिळून एकच वारं.
रेघ कुणी ओढली नि आपण कुठल्या बाजूला पडलो,
हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.
बाजारात नीलव्वा 'उप्पु' म्हणते, मी 'मीठ' म्हणते,
माप तेच.

उत्तरेकडच्या चौकोनांत मात्र
कुणीतरी कधीकाळी एक ओळ लिहून ठेवलीय:
लाट फुटते तिथे मीठ उडतं;
बर्फावर लाट नाही,
म्हणून मीठ शून्य.
वाचताना रास्त वाटतं.
पण तिथल्या ठाण्यावर गाळणकागद लावून बसलेल्यांना
ऐन काळोख्या हिवाळ्यात, समुद्र झाकलेला असताना,
कागदावर मीठ सापडतं.
उन्हाळ्याहून जास्त.

बाबा, म्हणजे भरमाण्णा हुंदरे,
सोळा वर्षं आगरातलं मीठ चोर्ल्यानं वर आणायचे.
घाटाच्या धुक्यात पोती पाणी पीत, जड होत,
बेळगावच्या फाल्गुनातल्या उन्हात
प्यायलेलं सगळं सोडून देत.
व्यापारी काट्यावर बघायचा नि वहीत लिहायचा:
तूट अकरा किलो. ड्रायव्हर.
पगारातून जायचे.
बाबा म्हणायचे, "मी नाही खाल्लं. वाऱ्यानं खाल्लं."
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
आमचं घर न खाल्लेल्याला जागलं.

एकदा मी गाडीत मागे बसले होते, आठ-नऊ वर्षांची.
ताडपत्री फडफडली
नि तिच्या घड्यांतून पांढरं उठलं,
ना लाट, ना समुद्र,
कणकुंबीच्या वळणावर, कोरड्या उन्हात.
ओठांवरून जीभ फिरवली. खारट.

ती जुनी ओळ खोडायला मला तीन आठवडे लागले.
आता लिहिलंय:
वारा एका वेगापुढे गेला की
बर्फावरचा भुसभुशीत हिम उठतो.
त्याने खालच्या समुद्राचं मीठ शोषलेलं असतं.
हवेत तो झिजत जातो,
वितळतसुद्धा नाही, सरळ वाफ होतो,
आणि उरतो तो कण, पिठीहून बारीक,
ज्याला तहान फार.
तो पाणी ओढतो, त्याच्याभोवती ढग धरतो,
आणि सहा महिन्यांच्या रात्रीत ढग म्हणजे वाकळ,
खालची ऊब वर जाऊ देत नाही.

हिम किती खारट?
कुणालाच धड माहीत नाही.
मी एक आकडा घातला. पुढे लिहिलं: अंदाजे.
हिवाळा जुळला.
वसंत भलताच वर गेला.

त्या राशीला मी नाव दिलं 'तूट'.
बेंगळूरहून शरणप्पा सरांनी विचारलं, हे काय?
मी घाट, काटा, वही, सगळं लिहिलं,
मग पुसलं,
आणि पाठवलं: हिशेबात न धरलेलं.
त्यांनी नाव तसंच राहू दिलं.

सकाळी बाबांना सांगितलं.
ते मिठाची बरणी उन्हात ठेवत होते,
गोव्याकडचं वारं असलं की तळाला पाणी सुटतं.
बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी.
एवढ्या लांबच्या वाऱ्याचा हिशेब लागला
याचं त्यांना बरं वाटलं असावं.
मग म्हणाले,
"वहीत ड्रायव्हर लिहिलंय, त्याचं काय?"

मला काही सुचलं नाही.
आईने बरणीत तांदळाचे चार दाणे टाकले.
मी आत जाऊन आकडा थोडा कमी केला
आणि वसंत पुन्हा चालवला.